गुच्ची ठेवा, पण आधी आजींना हाक मारायला लावा

लातूरच्या एका ताईंनी विचारलंय. घरात दोन महिन्यांचं लॅब्रॅडॉरचं पिल्लू आलंय, मादी आहे. अकरावीतल्या लेकीनं तिचं नाव 'गुच्ची' ठरवून टाकलंय. सासूबाईंच्या तोंडात ते बसत नाही, त्या 'मोती'वर अडून आहेत. मिस्टरांना वाटतं, पर्शी-कपड्यांच्या एवढ्या मोठ्या कंपनीचं नाव कुत्र्याला दिलं तर उद्या नोटीस यायची. ताईंची स्वतःची धास्ती निराळीच आहे. गल्लीतले म्हणतील, ह्यांच्याकडं पैसा जास्त झालाय. "डॉक्टर, असलं नाव ठेवावं का?"

ठेवा की. पण का ठेवा आणि ठेवण्याआधी काय तपासा, ते जरा सविस्तर सांगतो, कारण हा प्रश्न आता माझ्याकडं महिन्यातनं एकदा तरी येतो.

परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातनं बाहेर पडून मला 27 वर्षं झाली. पहिली बारा-तेरा वर्षं चाकूर, देवणी, निलंगा ह्या भागात गाई-म्हशींमागं गेली, आता शहरात दवाखाना आहे आणि टेबलावर जास्ती करून कुत्री-मांजरं असतात. माझी एक जुनी खोड आहे. जनावराचं नाव मी नोंदवहीत पेन्सिलीनं लिहितो. मालकाचं नाव, फोन, लस सगळं पेननं, नाव तेवढं पेन्सिलीनं. त्याचं कारण पुढं येईलच.

ह्या नोंदवह्या चाळल्या तर मराठवाड्यातल्या नावांचा सगळा प्रवास दिसतो. आपल्याकडं जनावराचं नाव अंगावरनं पडायचं. देवणी जातीचे बैलच बघा ना, अंगानं पांढरा शुभ्र तो बालंक्या, तोंडावर काळं असलेला वानेरा, अंगभर काळे ठिपके असलेला शेवरा. ही तर जातीतल्या प्रकारांचीच नावं झाली, पुस्तकात गेली. गोठ्यात मग सर्जा, राजा, हरण्या, गाय असली तर कपिला नाहीतर चांदी. कुत्र्याला वाघ्या, मोत्या, खंड्या, काळ्या. साहेबाच्या राज्यात कधीतरी टॉमी आला आणि असा रुळला की आज त्याला कुणी परका म्हणणार नाही. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या वर्षीच्या वहीत 'जलदूत' नावाचं एक गावठी पिल्लू आहे. म्हणजे डोळ्यापुढं जे मोठं दिसतं त्याचं नाव पिल्लाला द्यायचं, ही रीत जुनीच आहे. कुणाला वाघ मोठा वाटला, कुणाला साहेब, कुणाला पाण्याची गाडी. तुमच्या लेकीला मोबाइलवर दिसणारी पर्स मोठी वाटते. ह्यात मला तरी बिघडलेलं काही दिसत नाही.

आठ-दहा वर्षांत ही कपड्या-पर्शींची नावं वाढली. पहिलं आलं तेव्हा माझीच फजिती झाली. एक तरुण जर्मन शेफर्ड घेऊन आला. मी विचारलं, "नाव?" तो म्हणाला, "व्हर्साचे." मी म्हटलं, "किती वर्षाचे?" तो म्हणतो, "नाही सर, सहा महिन्यांचा आहे." पुढची दोन मिनिटं आम्ही एकमेकांकडं बघत होतो. घरी गेल्यावर कळलं, मिलानमधल्या जियान्नी व्हर्साचेनं 1978 मध्ये सुरू केलेलं ते नाव आहे. तोवर मी वहीत 'वर्षाचे' लिहून ठेवलं होतं.

हसण्यावारी नेऊ नका, खरी गोम इथंच आहे. नाव कानाला कसं लागतं हे इंटरनेटवर बघून कळत नाही. ते घरातल्या प्रत्येकाच्या जिभेवर काय होऊन उतरतं ते बघायला लागतं. मी पाहिलेल्या काही गोष्टी सांगतो.

शनेल. उदगीरच्या एका घरात पांढरीशुभ्र पर्शियन मांजर होती, तिचं हे नाव. आजोबांनी पहिल्याच दिवशी तिची 'शेणेल' केली. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, जिभेला शेण ओळखीचं, पॅरिस अनोळखी. सुनेला ते इतकं लागलं की आठवड्यात नाव बदललं. प्राडाचं वेगळं झालं. तुळजापूरच्या वाटेवरच्या एका गावात पग आणला होता. त्या घरात देवीची परडी आहे, मंगळवार-शुक्रवार जोगवा असतो. आता 'प्राडा'चं 'परडा' व्हायला कितीसा वेळ लागतो? आजी म्हणाल्या, "माय गं, देवीचं नाव कुत्र्याला?" कंपनी इटलीची, 1913 ची, मिलानची, हे त्यांना समजावून काय उपयोग? कानाला जे ऐकू आलं ते आलं. मी मालकाला बाजूला घेऊन सांगितलं, नाव बदला, हा वाद तुम्ही जिंकणार नाही आणि जिंकूही नये.

बर्बरी म्हणाल तर मला हसूच येतं. आम्हा जनावरांच्या डॉक्टरांना बरबरी म्हटलं की उत्तर प्रदेशाकडची ती बुटकी ठिपकेवाली शेळी आठवते. एकानं फोनवर सांगितलं, "बर्बरीला जुलाब लागलेत," आणि मी शेळीच्या हिशेबानं प्रश्न विचारत बसलो. रवंथ करते का म्हणून! ते निघालं बीगल. डिऑर ठेवलेल्या घरात धाकटी जाऊ म्हणाली, "मी नाही बाई हाक मारणार, दिराला बोलवायले असं वाटतं."

आणि कोको. हे नाव दिसायला सगळ्यात गोड, शनेल काढणाऱ्या बाईंचं लाडाचं नाव. पण मराठी घरासाठी मला सगळ्यात गैरसोयीचं वाटतं. कारण आपल्या घरात पिल्लाच्या कानावर दिवसभरात जास्तीत जास्त पडणारा शब्द कुठला? 'नको'. चप्पल नको, अंगावर नको, तिकडं नको. आता कोको आणि नको. शेवट तोच, सूर तोच. पिल्लाला बोलवायलेत की हाकलायलेत, हे त्यानं कसं ओळखावं? दोन घरांत मी बघितलंय, कुत्रं नाव ऐकून थबकतं, पुढं येतच नाही. इंग्रजी पुस्तकात तुम्हाला 'नो'शी जुळणारं नाव टाळा असं सापडेल. आपल्याला आपलं 'नको', 'बस', 'थांब', 'सोड' धरून बघायला पाहिजे. 'बॉस' नावाच्या कुत्र्याला 'बस' शिकवून बघा, मग कळेल.

आता तुमच्या गुच्चीकडं येतो. हे नाव मला कानाच्या हिशेबानं चांगलं वाटतं. दोनच अक्षरं आहेत. सुरुवात 'ग'नं, म्हणजे हाकेला एकदम धक्का बसतो. श, स, ह असली हवेची अक्षरं मोकळ्या रानात वाऱ्यावर उडून जातात. मधला 'च्च' तुटक आणि शेवटी 'ई' लांबवता येते, गुच्चीऽऽ. माणसाला साधारण 20 हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला 45 हजारांच्या आसपास. तेव्हा ऐकू येत नाही ही तक्रार कुत्र्याची कधीच नसते. अनेक आवाजांतनं आपल्यासाठीचा कुठला, हे त्याला वेगळं काढता आलं पाहिजे, बस्स. मांजरांनाही हे जमतं बरं का. 2019 मध्ये जपानमधल्या संशोधकांनी दाखवून दिलं की मांजर तेवढ्याच लांबीच्या दुसऱ्या शब्दांतनं स्वतःचं नाव वेगळं ओळखतं. ओ द्यायची की नाही, हा त्याच्या मर्जीचा भाग.

सासूबाई गुच्चीला काय म्हणतात, ते तुम्ही लिहिलं नाही. माझा अंदाज आहे 'गच्ची'. म्हणत असतील तर खुशाल म्हणू द्या. "गच्ची, खाली उतर" असं ऐकून पाहुणे चक्रावतील, पण पिल्लाला गुच्ची आणि गच्ची एकच आहे, आदी-अंत सारखा. अडचण 'मोती'ची आहे. लेक गुच्ची म्हणणार, आजी मोती, तुम्ही बाळा, मिस्टर नुसतंच 'ए'. अशा घरातलं कुत्रं सहा महिन्यांचं झालं तरी नावाला मान वळवत नाही, आणि मग लोक मला विचारतात, "बहिरं तर नाही ना?"

ही गोष्ट किती महागात पडते ते त्याच व्हर्साचेकडनं ऐका. दोन वर्षांनी लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांनी बिथरून ते फाटकाबाहेर पळालं. घरची चार माणसं गाडीतनं, स्कूटरवरनं गंजगोलाईपासून मार्केट यार्डापर्यंत "व्हर्साचे, व्हर्साचे" ओरडत फिरली. कुत्रं एका ट्रॉलीखाली बसलेलं होतं, थरथरत, आणि ह्यांचा आवाज ऐकूनही हललं नाही. शेवटी घरी धुणंभांडी करणाऱ्या मावशींना आणलं. त्या म्हणाल्या, "बाळ्या, ये रे," आणि ते सरपटत बाहेर आलं. दोन वर्षं त्याच्यापुढं भाकरीची थाळी ठेवताना त्या बाळ्याच म्हणायच्या. व्हर्साचे हे नाव फक्त पाहुणे आल्यावर आणि फोटो काढताना निघायचं. दुसऱ्या दिवशी मी माझ्या वहीतलं 'वर्षाचे' खोडून बाळ्या लिहिलं. पेन्सिलीचं कारण हे.

मिस्टरांना सांगा, नोटीस येणार नाही. आपल्या व्यापारचिन्ह कायद्यात, 1999 च्या, कलम 29 मध्ये हक्कभंग कशाला म्हणायचं ते दिलंय आणि त्याचा गाभा आहे 'व्यापाराच्या ओघात' वापर. अंगणात कुत्र्याला हाक मारणं हा व्यापार नाही. अमेरिकेत अशा कंपन्या कोर्टात गेल्या त्या कुत्र्याच्या नावावरनं नाही, कुत्र्यांच्या खेळण्यांवरनं. लुई व्हितॉनच्या नावाची टर उडवून 'च्यूई व्हितॉन' नावाची चघळायची पर्स कुणी विकायला काढली, 2007 मध्ये तिथल्या अपील कोर्टानं ती थट्टा आहे म्हणून कंपनीचं म्हणणं फेटाळलं. पण 2023 मध्ये जॅक डॅनियल्सच्या बाटलीसारख्या दिसणाऱ्या कुत्र्याच्या खेळण्यावर तिथल्याच सर्वोच्च न्यायालयानं दारूच्या कंपनीच्या बाजूनं कौल दिला. दोन्हीकडं प्रश्न विक्रीचा होता. तेव्हा लेकीनं उद्या 'गुच्ची डॉग बिस्किट' किंवा 'गुच्ची केनल' अशी पाटी लावायची म्हटलं तर मात्र आधी वकिलाला विचारा. पिल्लं विकायची म्हटली तर नाव दूरच, कुत्र्यांच्या पैदाशीचे 2017 चे वेगळे नियम आहेत, नोंदणी लागते.

पिल्लू केनल क्लब ऑफ इंडियाच्या कागदांसकट आलं असेल, तर त्या कागदावर आधीच एक लांबलचक नाव असू शकतं. त्याला हात लावू नका. कागदावरचं नाव कागदापुरतं, घरात गुच्ची.

आता लोक काय म्हणतील हा भाग. ताई, म्हणतील. आठ दिवस म्हणतील. पण त्याचा एक फायदा तुमच्या लक्षात आला नसेल. आपल्याकडं कुत्र्याच्या नावावरनं भांडणं होतात ती माणसाच्या नावामुळं. एका गावात कुत्रीचं नाव राणी आणि शेजारच्या थोरल्या लेकीचंही राणी. संध्याकाळी "राणी, चल, मार खाशील" अशी हाक गेली की पलीकडनं भांडी आपटायला लागायची. ते प्रकरण पोलीस पाटलापर्यंत गेलेलं मला माहीत आहे. अख्ख्या लातूर जिल्ह्यात शेजारणीच्या पोरीचं नाव गुच्ची असायची शक्यता नाही. ह्या एका गोष्टीसाठी मी परक्या नावांना कधी नाक मुरडत नाही.

आणि श्रीमंतीच्या तोऱ्याचं म्हणाल, तर ज्यांच्या नावानं ही दुकानं चालतात ते स्वतः काय करायचे बघा. ख्रिश्चन डिऑरनं आपल्या कुत्र्याचं नाव ठेवलं होतं बॉबी. साधं, आपल्याकडच्या निम्म्या पॉमेरियनांचं असतं ते. शनेलचे कपडे कितीतरी वर्षं ज्यांनी बेतले त्या कार्ल लागरफेल्ड यांच्या मांजरीचं नाव शुपेत, लाडानं हाक मारायचं फ्रेंच नाव, आपल्या 'बबडी'सारखं. इव्ह सँ लोराँ तर एकामागून एक फ्रेंच बुलडॉग पाळत गेले आणि प्रत्येकाचं नाव मुझिक. मुझिक म्हणजे रशियातला खेड्यातला शेतकरी. पॅरिसचा शिंपी कुत्र्याला शेतकरी म्हणतो आणि आमचा शेतकरी कुत्र्याला पॅरिसचा शिंपी म्हणतो! हे मी एकदा कारखान्याच्या एका संचालकांना सांगितलं, त्यांच्या पिल्लाचं नाव लुई होतं. ते जरा विचारात पडले.

शिवाय ह्यातल्या काही धंद्यांची नाळ जनावरांच्या साजाशीच जुळलेली आहे. एर्मेस आज पर्शींसाठी माहीत आहे, पण 1837 मध्ये पॅरिसला सुरू झाली ती घोड्यांचा साज करणारी पेढी म्हणून. गुच्चीही तसंच. गुच्चिओ गुच्चीनं 1921 मध्ये फ्लॉरेन्सला चामड्याच्या सामानाचं दुकान टाकलं, आणि त्यांच्या बुटावरची ती प्रसिद्ध कडी म्हणजे घोड्याच्या तोंडातल्या लगामाची कडी. हिरवा-लाल-हिरवा पट्टा आला तो खोगिराच्या तंगावरनं, म्हणजे पोटाखालनं आवळायच्या पट्ट्यावरनं. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्यांच्या बाजारात फिरलात तर लगाम, तंग, घुंगरमाळा, गोंडे मांडून बसलेली माणसं दिसतील. तेच काम. त्यांच्या मालाला नाव मिळालं नाही, एवढाच फरक. तेव्हा लगामावर मोठं झालेलं नाव परत एका जनावराच्या गळ्यात पडलं, तर ते काही फार वावगं म्हणता येणार नाही.

लेकीला फॅशनचंच नाव हवं असेल आणि आजींशी तडजोड करायची असेल, तर एक सुचवतो. हिमरू. छत्रपती संभाजीनगरचं रेशीम-सुताचं विणलेलं कापड, आपल्याच मराठवाड्याचं. हाक मारायलाही सोपं, कुणाच्या नावाशी भिडत नाही. माझ्याकडं येणाऱ्या एका करड्या मांजराचं हे नाव मीच सुचवलेलं आहे. मात्र 'ह'नं सुरू होतं, रानात हाक मारायला गुच्चीच सरस, हे कबूल करतो. पैठणी नको, आजी म्हणतील, नेसायची वस्तू चारी पायांवर कशाला.

नाव पक्कं झालं की शिकवणं सोपं आहे. पहिले आठ दिवस सगळ्यांनी एकच नाव. जेवणाच्या थाळीशी उभं राहून एकदा म्हणायचं, तिनं बघितलं की लगेच भाकरीचा बारीक तुकडा नाहीतर उकडलेल्या अंड्याचा कण. एकदाच म्हणायचं. "गुच्ची गुच्ची गुच्ची" असा जप केला की तो पंख्याच्या आवाजासारखा होतो, कानामागं जातो. रागावताना नाव घ्यायचं नाही, तेव्हा नुसतं "नको". चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांद्याचं कालवण बक्षीस म्हणून चुकूनही नाही. आणि हे बक्षिसाचं काम सासूबाईंच्या हातात द्या. ज्याच्या हातचं खाते त्याची हाक ती आधी ओळखते, आणि रोज चार वेळा तुकडा देताना नाव घ्यावंच लागलं की आजींची जीभही वळते. वाद घालून नाही वळत.

गळ्यातल्या पट्ट्याबद्दल एक. नाव ठेवलं म्हणून तसला पट्टाही मागवायचा हट्ट होईल. 2022 मध्ये त्या कंपनीनं पाळीव प्राण्यांसाठी पट्टे, कपडे, भांडी बाजारात आणलीत खरी. पण दोन महिन्यांच्या लॅब्रॅडॉरची मान दर पंधरा दिवसांनी वाढते. साधा नायलॉनचा पट्टा घ्या, दोन बोटं आत जातील एवढा सैल, आणि त्यावर नाव नाही घातलं तरी चालेल, फोन नंबर मात्र घाला. कपडे तर आपल्या मे महिन्यात देवाशपथ घालू नका.

ह्या नावांच्या बाबतीत मला खरोखर चीड येते ती एकाच गोष्टीची. नाव लाखाच्या पर्सचं आणि लसीच्या कार्डावर मोकळे रकाने. पिल्लू दोन महिन्यांचं आहे म्हणजे पहिली लस आत्ताच द्यायची आहे, डिस्टेंपर-पार्व्हो ह्या जीवघेण्या रोगांवरची. मग तीन-चार आठवड्यांनी बूस्टर, तीन महिन्यांचं झालं की रेबीज, आणि जंताचं औषध मधे चालू. पार्व्होनं चार दिवसांत गेलेलं पिल्लू टेबलावरनं उचलून देताना मालक ज्या नावानं रडतो, ते कधीच पर्सचं नसतं.

तेव्हा नावाचा निकाल लागेपर्यंत थांबू नका. घेऊन या. सासूबाईंनाही आणा, दवाखान्यात त्यांना हाक मारायला सांगू आणि पिल्लू कान टवकारतं का बघू. कार्डावर तोपर्यंत मी पेन्सिलीनं 'गुच्ची ऊर्फ गच्ची' लिहून ठेवतो.